ओट्याला धरून चाला

"आई रोज बागेत पाऊण तास चालते, तरी घरात वळताना भेलकांडते. असं कसं?" हा प्रश्न बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

सपाट रस्त्यावर सरळ चालणं हृदयाला आणि साखरेला उत्तम, पण तोल सुधारायला ते पुरत नाही. तिथे दोन पायांत ऐसपैस अंतर असतं, दिशा एकच असते, पावलं सवयीने पडतात. माणूस पडतो तो वळताना, मागे सरकताना, हाक आली म्हणून मान फिरवताना. सरावही त्याच हालचालींचा हवा. पासष्टीच्या पुढच्यांनी तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम आठवड्यातून किमान 3 दिवस करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात म्हटलं आहे. त्यासाठी दर वेळी 10-15 मिनिटं काढली तरी सुरुवात चांगली होते.

जागा स्वयंपाकघराचा ओटा. तो कमरेच्या उंचीला असतो आणि हलत नाही. प्लास्टिकची खुर्ची सरकते, ती नको. सिंकजवळची फरशी आधी कोरडी पुसा. मोजे घालून चालू नका, सैल सपाताही नकोत. मागे पट्टा असलेली सपाट सँडल बरी. मधुमेहाने तळवे बधिर झाले असतील तर अनवाणी अजिबात नाही.

आधी बाजूला चालणं. ओट्याकडे तोंड, दोन्ही तळवे ओट्यावर. उजवा पाय वीतभर बाजूला, मग डावा त्याच्याजवळ. 10 पावलं उजवीकडे, 10 डावीकडे, अशा 3 फेऱ्या. ओटा लहान असेल तर मावतील तेवढी पावलं. चवडे समोरच राहू द्या. ते बाहेर वळले की कंबरेच्या बाजूच्या स्नायूंचं काम मांडीचे पुढचे स्नायू करायला लागतात, आणि नेमके तेच बाजूचे स्नायू आपल्याला हवे आहेत. चालताना जवळपास 80 टक्के वेळ शरीराचा भार एकाच पायावर असतो. त्या वेळी कंबर एका बाजूला कलू न देण्याचं काम त्यांचं.

खरी परीक्षा पावलाला पाऊल जोडून चालण्यात. दोन लाद्यांमधली सरळ रेघ धरा, एक हात ओट्यावर ठेवा आणि पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याला टेकवा. जमत नसेल तर मध्ये चार बोटांचं अंतर ठेवा, हळूहळू कमी करा. एका पावलाला दोन सेकंद. इथे बहुतेक जण घाई करतात, कारण घाईत सोपं जातं. शाळेतली स्लो सायकलची शर्यत आठवा: वेगात कुणीही सायकल सांभाळतो, हळू चालवताना कस लागतो. दुसरी चूक म्हणजे पायांकडे बघणं. नजर खाली गेली की मान आणि खांदे पुढे झुकतात, भार चवड्यांवर जातो. समोर कालनिर्णय टांगलेलं असेल तर महिन्याच्या नावावर नजर ठेवा. श्वासही रोखू नका.

मागे चालताना आधी चवडा टेकवायचा, मग टाच, पाऊल लहान. वळताना एका पायावर गिरकी नको, पायात पाय अडकतो तो तिथेच. चार-पाच छोट्या पावलांत अर्धवर्तुळ करून वळा.

उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, घर फिरल्यासारखं वाटत असेल किंवा सहा महिन्यांत दोनदा पडणं झालं असेल, तर हे सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांमुळेही असं होतं, आणि त्यावर कितीही चालून उपयोग नाही.

दीड-दोन महिन्यांत फरक जाणवायला हवा. आधार कमी करायचा तो क्रमाने: दोन तळवे, एक तळवा, नुसती बोटं, शेवटी हात ओट्यापासून दोन इंच वर. एका वेळी एकच गोष्ट बदला. हात सोडला त्याच दिवशी मान फिरवायला लावू नका. सगळं जमायला लागलं की चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगा, किंवा उद्याच्या भाजीचं विचारा. उत्तर देताना पाय थबकले, तर चालणं अजून आपसूक होत नाहीये, सगळं लक्ष त्यातच जातंय. तोवर घरात चालत्या आईला मागून हाक मारू नका. समोर या, तिला थांबू द्या, मग बोला.