आधी सुकू दे: आमच्या फायबर होडीचा डेक, स्ट्रिंगर आणि फोम

आमच्या होडीची दुरुस्ती साडेपाच महिने चालली. त्यातलं हाताचं काम सहा-सात आठवड्यांचं. बाकी सगळा काळ आम्ही ओल जाण्याची वाट पाहत बसलो. डेक कापायचा कसा, मॅट म्हणजे काचधाग्यांची चादर लावायची कशी, ती ज्यात भिजवायची ते राळेसारखं रेझिन किती घ्यायचं, हे सगळे सांगतात. होडी आतून सुकायला किती दिवस लागतात आणि ती सुकली हे ओळखायचं कसं, हे सांगणारा माणूस मला ऑगस्टच्या शेवटी भेटला. तोवर मोसमाची सुरुवात हातची गेली होती. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

होडी चोवीस फुटी, बाबांनी वीसेक वर्षांपूर्वी घेतलेली. मालवण तालुक्यात खाडीकाठी आमचं घर आहे. होडी जड झाल्याचं आधी इंजिनाला कळलं, मग आम्हाला. तेच इंजिन, तेवढीच जाळी, पण खाडीच्या तोंडाशी पाणी कापताना ती पूर्वीसारखी उचलेना. किनाऱ्यावर ओढून घ्यायला पूर्वी सहा जण पुरायचे, त्या मे महिन्यात दहा जण लागले. डेकवर चालताना मधोमध पाय किंचित खाली जायचा. मी हातोडीच्या दांड्याने सगळा डेक ठोकत गेलो. कडेला टणटण वाजत होतं, मध्ये भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं बद्द. दुरुस्ती किती मोठी आहे हे ठरवायला एवढी तपासणी पुरते. बद्द वाजेल तिथे खडूने खूण करत जा, कुठे थांबायचं ते आपोआप दिसतं.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर, माणसं मोकळी, तेव्हा डागडुजीही याच दिवसांत उरकायची असा गावाचा हिशेब. मीही तसंच केलं. रेझिनला मात्र हा हिशेब मान्य नाही, हे कळायला मला दोन महिने आणि चौदा किलो रेझिन खर्च करावं लागलं.

डेक कापायला दोन दिवस लागले. कडेला अडीच इंचांची पट्टी सोडून ग्राइंडरने कापला, म्हणजे नवा डेक बसवायला आधार राहतो. डेकखालचा फोम, म्हणजे होडी तरंगती राहावी म्हणून भरलेला हलका फेस, कुदळीने आणि करवतीने काढला. आंबूस वास, आणि तुकडा हातात दाबला की पाणी. काका म्हणाले, फोम पाण्यासाठीच तर असतो, भिजला म्हणून काय बिघडलं? मी एक घनफुटाचा ठोकळा कापून काट्यावर ठेवला. असला फोम कोरडा असताना घनफुटाला किलोभरसुद्धा भरत नाही. आमचा अकरा किलो भरला. असे वीसएक घनफूट आम्ही काही वर्षं समुद्रात फिरवत होतो, म्हणजे दोनशे किलो पाणी, दर फेरीला, डिझेल-रॉकेलच्या आजच्या भावात. त्यानंतर काकांनीच फावडं उचललं. हा फोम जाळू नका, धूर विषारी असतो. आम्ही पोत्यांत भरून ठेवला.

स्ट्रिंगर म्हणजे तळाच्या आतून लांबीत जाणारे कणे, लाकडावर फायबर चढवलेले. वरून धड दिसत होते. कापल्यावर आतलं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं चमच्याने निघालं. सगळ्यात जास्त कुजलं होतं ते बर्फाच्या पेटीच्या खाली. पेटी हलू नये म्हणून आम्ही कधीतरी डेकमध्ये चार स्क्रू मारले होते, भोकात काही न भरता. बर्फाचं पाणी गोडं असतं आणि लाकूड गोड्या पाण्याने जास्त लवकर कुजतं. खारं पाणी बुरशीला थोडं रोखतं, गोडं तिला पोसतं. चार स्क्रूंनी दोन स्ट्रिंगर खाल्ले.

इथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, ती आता सांगतो. काहीही कापण्यापूर्वी होडी सपाट टेकवा. आम्ही माडाचे ओंडके आणि वाळूची पोती नाळेपासून मागच्या फळ्यापर्यंत दर तीन फुटांवर लावली, दोरी ताणून तळ सरळ आहे हे पाहिलं, आणि एका वेळी एकच स्ट्रिंगर काढला. सगळे एकदम काढले तर होडी पिळवटू शकते, आणि पिळवटलेल्या होडीत नवे स्ट्रिंगर बसवले की ती कायमची तशीच राहते.

२० जूनपर्यंत तळ उघडा झाला. वर बांबू आणि निळी ताडपत्री, दोन्ही टोकं मोकळी. पाऊस आत येत नव्हता, तरी तळ ओला तो ओलाच. पुसला की तासाभरात पुन्हा चमकायचा. मी दोन टेबलफॅन लावले, हॅलोजनचे दिवे लावले, विजेचं बिल वाढवलं. आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं. रोज सकाळी कालनिर्णयच्या चौकोनात आकडा लिहायचो: ९२, ९४, ८९, ९३. पंख्याने ओल जात नाही, ओली हवाच फिरते, हे त्या चौकोनांकडे बघत मी शिकलो.

जुलैच्या मध्यात चार दिवस उघडीप मिळाली. ऊन लख्ख, तळ हाताला कोरडा. सगळे म्हणाले, लाव आता. बाबा एकटे म्हणाले, "आधी सुकान दी." मी त्यांचं ऐकलं नाही. प्लायची फळी घालून पहिला स्ट्रिंगर बसवला, साडेचारशे ग्रॅमच्या मॅटचे दोन थर दिले. दुसऱ्या दिवशी मॅट पांढुरकी आणि चिकट. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, हार्डनर वाढवा. हार्डनर म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन. ते वाढवून पुढचा भाग केला. भांडं हातात धरवेना इतकं तापलं, थर काचेसारखा कडक झाला, आणि कडेला नख घातल्यावर सालपट निघावं तसा तळावरून उठला. खाली बारीक बारीक थेंब. सगळं खरवडून काढलं. दुकानदाराने फोनवर सांगितलेली ती दोन शब्दांची सूचना मला महागात पडली. हार्डनर वाढवल्याने ओल जात नाही, थर फक्त ठिसूळ होतो. किलोला दहा ते पंधरा मिलिलिटर, त्यापलीकडे जायचं कारणच नाही. तेवढ्यात सेट होत नसेल तर दोष हवेचा किंवा तळाचा असतो.

नारळी पौर्णिमा आली. सगळ्यांनी समुद्राला नारळ दिला, एकेक होडी खाली गेली. आमची मांगराशेजारी पोट उघडं टाकून तशीच. बाबा रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन कुणाला किती बांगडा मिळाला ते विचारून यायचे आणि मला काही सांगायचे नाहीत. त्यांचं ते न सांगणं मला फार लागायचं. एकदाच म्हणाले, "लाकूड भिजला की फुगता, कळता तरी. ह्या फायबर काय बोलणा नाय."

आणि मग ते मिस्त्री आले. गोव्यात फायबरच्या कारखान्यात आयुष्य काढून गावी परतलेले, गणपतीच्या मखराच्या कामासाठी शेजारी आले होते. होडीत उतरले, तळावर बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. म्हणाले, "मीठ आसा तवसर ह्या सुकाचा नाय."

एवढीच गोष्ट होती. वर्षानुवर्षं फोममधून झिरपलेलं खारं पाणी आटून तळावर, कोपऱ्यांत, कापलेल्या धाग्यांच्या टोकांत मीठ बसलं होतं. उघड्या बरणीतलं मीठ पावसाळ्यात कसं पाझरतं ते आपण घरोघरी पाहतो. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. माझ्या कालनिर्णयवर तर सगळे आकडे नव्वदच्या आसपास होते. म्हणजे मी रात्रंदिवस पंख्याने मिठाला ओली हवा पाजत होतो. दोन महिने. घरात बरणी रोज समोर असताना मला हे सुचलं नाही.

उपाय ऐकून बाबा थक्क झाले: सुकवायच्या होडीत पाणी ओता. आम्ही पागोळ्यांखाली पिंपं लावली आणि पावसाच्या गोड्या पाण्याने तळ तीन वेळा धुतला. पहिल्यांदा नुसता, मग ब्रशने घासून, मग ग्राइंडरने वरचा थर काढून पुन्हा. दर वेळी बोट जिभेला. तिसऱ्या धुण्यानंतर चव गेली. त्यानंतर मात्र खरी वाट पाहायचीच होती, कारण हवा तीच होती. पण आता पुसलेली जागा पुसलेली राहायची, आणि तेवढ्याने माझी झोप परत आली.

सुकलं हे ओळखायची रीतही त्यांनीच दिली. दोन फूट लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिक तळावर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा, दिवसभर ऊन लागू द्या. आतून थेंब धरले तर तळात ओल आहे. हाताला कोरडं लागणं हा पुरावाच नव्हे, जुलैत मी तिथेच फसलो. सप्टेंबरभर प्लॅस्टिकच्या आत धुकं यायचं, रोज थोडं कमी. ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं, आकडा सत्तरच्या खाली आला, आणि १२ तारखेला चार ठिकाणची चारही प्लॅस्टिकं आतून स्वच्छ निघाली. मी बाबांना हाक मारली. त्यांनी स्वतः कडा उचलून पाहिली आणि म्हणाले, "आता लाव."

त्यानंतरचं काम इतकं सरळ झालं की सांगण्यासारखं फार नाही. प्लाय ७१० चा घ्या, म्हणजे आयएस ७१० चं मरीन प्लाय. ३०३ स्वस्त असतं पण ते फर्निचरसाठी. कापलेल्या प्रत्येक कडेला रेझिन पाजा, कारण पाणी कडेतूनच शिरतं. स्ट्रिंगर तळाला मिळतो त्या कोनात पुट्टीने गोलाई द्या, मॅट काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन इंच रुंद. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझिन लागतं, त्या हिशेबाने एकदमच आणा. हार्डनर कुरियरवाले घेत नाहीत, एसटीने पाठवणंही धोक्याचं. आम्ही कोल्हापूरला जाऊन आणलं.

हे वाचायचं राहू नये: कोबाल्ट (रेझिन लवकर सेट व्हावं म्हणून घालायचं द्रावण) आणि हार्डनर कधीही एकमेकांत थेट मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. बरंचसं रेझिन कोबाल्ट घालूनच येतं, घेताना विचारा. हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नका. ग्राइंडरच्या धुळीने अंग खाजतं तेव्हा गार पाण्यानेच धुवा.

फोमसाठी एकाने थर्माकोल सुचवला होता. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला विरघळवतं. दोन द्रव मिसळून फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोमच हवा. एक घनफूट फोम समुद्रात साधारण अठ्ठावीस किलो उचलून धरतो, त्यावरून किती भरायचा ते काढता येतं. आम्ही कडेच्या बंद कप्प्यांत वीस घनफूट भरला, थोडा थोडा ओतून, कारण एकदम ओतला तर आतून करपतो. मधली नाळी मात्र मोकळी ठेवली, पाणी मागे वाहून यावं म्हणून, आणि डेकला दोन ठिकाणी हात जाईल एवढी झाकणं बसवली. जुन्या होडीत पाण्याला बाहेर यायला वाटच नव्हती.

१६ नोव्हेंबरला होडी ओढायला सात जण आले. पाण्यात गेल्यावर बाबा कमरेइतक्या पाण्यात उतरले, जुन्या शेवाळाच्या रेषेवर हात ठेवला आणि पाण्यापर्यंत मोजलं. "चार बोटां वर इली रे," एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ हात तिथेच ठेवून उभे राहिले.

त्याला दोन पावसाळे झाले. महिन्यातून एकदा झाकण काढून आत हात घालतो, नाळी कोरडी असते. बर्फाची पेटी आता दोरीने बांधतो. स्क्रू मारायलाच लागला तर भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्यात नवं भोक पाडायचं, तेही मी करतो, दुसऱ्या कुणाला करू देत नाही. गेल्या मोसमात एक पोरगा जीपीएसचं स्टँड लावायला ड्रिल घेऊन डेकवर चढला होता. बाबांनी त्याला खाली उतरवलं, शेजारी बसवलं आणि अकरा किलोच्या ठोकळ्यापासून सगळं सांगितलं.