पुण्याहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवताना: खर्चाचा आणि तारखांचा हिशेब

पुणे ते बेंगळुरू हे रस्त्याने साधारण 840 किलोमीटरचं अंतर. नवऱ्याची बदली झाल्यावर कोथरूडमधलं दोन बेडरूमचं घर आवरून नवरा, मी, सातवीत जाणारी मुलगी आणि सासूबाई मे महिन्यात जे. पी. नगरला राहायला आलो. ज्यांचं असं जायचं ठरतंय, त्यांना उपयोग व्हावा म्हणून आकड्यांसकट लिहीत आहे.

बदली ठरली की सगळे पहिल्यांदा विचारतात, "ट्रकवाला किती घेतो?" आमच्याकडे तरी ट्रकचा खर्च एकूण लागलेल्या पैशांच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होता. खरी ओढाताण होते ती पैसे कोणत्या तारखेला लागतात यामुळे. म्हणून वहीत खर्चाची नुसती यादी करू नका. कशासाठी, किती, कोणत्या तारखेला आणि त्यातले परत कधी येणार, असे चार रकाने आखा. आम्ही हे आधी केलं म्हणून कर्ज न काढता निभावलं.

यात सगळ्यांत मोठा आकडा डिपॉझिटचा. पुण्यात दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून देण्याची आपल्याला सवय असते. बेंगळुरूत अजूनही काही मालक दहा महिन्यांचं मागतात. आमचं भाडं ठरलं 38,000. मागणी होती 3,80,000 ची, घासाघीस करून पाच महिन्यांवर म्हणजे 1,90,000 वर आणलं. घासाघीस होते, लाजू नका. कंपनीचं पत्र दाखवा, कुटुंब आहे म्हणून सांगा, दोन वर्षं राहण्याची तयारी दाखवा. त्याशिवाय एका महिन्याचं भाडं दलालाला आणि एका महिन्याचं आगाऊ. घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची तिथे पद्धत आहे. ते कापणार का, किती दिवसांत सोडलं तरी कापणार, हे करारातच लिहून घ्या. जाहिरातीत 'लीज' हा शब्द दिसला तर तो प्रकार वेगळा आहे: एकदम मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची आणि दरमहा भाडं द्यायचं नाही. घर स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय टोकन पाठवू नका.

आता तारखा पाहा. बेंगळुरूचे 2,66,000 मेच्या पहिल्या आठवड्यात द्यायचे होते. पुण्याच्या घराचं डिपॉझिट, 84,000, जूनमध्ये मिळणार होतं. दोन्ही शहरांचं भाडं काही आठवडे एकत्र भरायचं होतं. कंपनीने सामान हलवण्याचा खर्च देऊ केला होता, पण बिलं दिल्यावर पुढच्या पगारात. म्हणजे महिना-दीड महिना सगळा भार आपल्या खिशावर. कंपनी काही देणार असेल तर तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: कमाल किती, बिल कोणाच्या नावावर हवं आणि ट्रकवाल्याला थेट पैसे देता येतात का.

सामान हलवणाऱ्यांचं कोटेशन फोनवर घेऊ नका, माणसाला घरी बोलवा. त्याला लॉफ्ट दाखवा, बाल्कनीतल्या कुंड्या दाखवा, पलंगाखालचं दाखवा. न दाखवलेलं सामान ऐन दिवशी निघालं की गाडी भरेपर्यंत दर वाढतो आणि तेव्हा आपल्या हातात काहीच नसतं. नामांकित कंपन्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन फसवणारेही आहेत, तेव्हा पत्ता आणि जीएसटी क्रमांक तपासा. कोटेशनमध्ये पॅकिंग, चढवणं-उतरवणं, लिफ्ट नसेल तर मजल्याचे पैसे, पलंग-कपाट खोलून पुन्हा जोडणं, टोल आणि जीएसटी हे सगळं धरलंय का, ते एकेक करून विचारा. आमच्याकडे आलेल्या एका माणसाने ई-वे बिलाचे, म्हणजे जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी काढायच्या ऑनलाइन कागदाचे, वेगळे पैसे लावले होते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागतच नाही. नियमांतच तशी सूट आहे, त्यामुळे ते पैसे देऊ नका. सामानाची यादी आणि अंदाजे किंमत लिहिलेला कागद मात्र गाडीबरोबर असू द्या.

दुसऱ्या कोणाच्या सामानासोबत आपलं पाठवलं तर स्वस्त पडतं, पण पोचायला आठवडासुद्धा लागतो आणि वाटेत सामानाची चढउतार होते. पूर्ण गाडी आपली असेल तर दोन-तीन दिवसांत दारात. आम्हाला शेअरिंगमध्ये 40,000 च्या आसपास आणि पूर्ण गाडीला कर वगैरे धरून 68,000 असे दर मिळाले. घरात वयस्कर माणूस असेल तर पूर्ण गाडीच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. आठवडाभर चटईवर झोपणं सत्तरीच्या बाईला जमत नाही. मे असल्यामुळे बंद बॉडीची गाडी मागितली. बेंगळुरूत मेमध्ये दुपार उलटली की वळिवाच्या सरी कोसळतात आणि उघड्या ट्रकवरच्या ताडपत्रीचा भरवसा नसतो. शक्यतो महिनाअखेर आणि शनिवार-रविवार टाळा, महिन्याच्या मध्यावर आठवड्यातल्या वारी दर कमी मिळतो.

विमा म्हणजे कोटेशनवर लिहिलेला 'इन्शुरन्स 1.5 टक्के' हा शब्द नव्हे. विमा कंपनीचा पॉलिसीचा कागद आपल्या नावाने, गाडी हलायच्या आत हातात यायला हवा. तो नसेल तर ती नुसती तोंडी हमी आहे. प्रत्येक खोक्यावर नंबर टाका, आत काय आहे ते वहीत लिहा आणि फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन यांचे चालू अवस्थेतले व्हिडिओ काढून ठेवा. नंबर खोक्याच्या वर नाही, दोन बाजूंना लिहा. थप्पी लावल्यावर वरचा नंबर दिसत नाही.

काय न्यायचं हे ठरवताना नव्या घराचे फोटो आणि मापं हाताशी ठेवा. बेंगळुरूतल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये भिंतीतली कपाटं आणि तयार किचन ट्रॉल्या असतात. आम्ही दोन गोदरेजची कपाटं आणि जुना सोफा पुण्यातच विकला आणि 17 फुटी गाडीऐवजी 14 फुटी पुरली. भरलेला सिलिंडर, रॉकेल, तेलाचे डबे ट्रकवाले घेत नाहीत. दुचाकी पाठवायची तर टाकीतलं पेट्रोल काढावं लागतं.

स्वयंपाकघराला अख्खा दिवस गेला. पॅकिंगच्या मुलांनी कपबशा भराभर गुंडाळल्या, पण सासूबाईंनी त्याच आठवड्यात घातलेल्या कैरीच्या लोणच्याच्या बरणीला कोणी हात लावेना. लोणचं म्हणजे तेल आणि तेल सांडलं तर बाकीच्या खोक्यांची नुकसानभरपाई विम्यात बसत नाही, असं त्यांच्या मुकादमाने सांगितलं. बरणी शेवटी दादरा बांधून, परातीत ठेवून, गाडीत सासूबाईंच्या पायांमध्ये बसून आली. आपल्या गाडीतून काय जाणार याची यादी आधीच करा: दागिने, मूळ कागदपत्रं, औषधं, शाळेचे दाखले, देव, आणि पहिल्या रात्रीची पेटी. या पेटीत दोन चादरी, कुकर, चहा-साखर, इंडक्शन शेगडी, एक्स्टेंशन बोर्ड, स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉयलेट साफ करायचा ब्रश. ब्रश हसण्यावारी नेऊ नका, रिकाम्या घरात सगळ्यांत आधी तोच लागतो.

प्रवास एका दमात करता येतो, पण करू नये. पहाटे निघालो तर खंबाटकी घाट मोकळा मिळतो. पुढे सातारा ते कोल्हापूर पट्ट्यात सहापदरीकरणाचं काम चालू असल्याने वळसे आणि वेगमर्यादा सांभाळाव्या लागतात. कागलनंतर कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक. बेळगाव सोडून हुबळीला मुक्काम केला, ते बरोबर अर्ध्या वाटेवर पडतं. दुसऱ्या दिवशी दावणगेरेला लोणी डोसा खाऊन चित्रदुर्गच्या पवनचक्क्यांमधून सरळ तुमकूर. वेळ असेल तर दावणगेरे जिल्ह्यातच, चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे इथे शहाजीराजांची समाधी आहे. आम्ही वाट वाकडी करून गेलो आणि बेंगळुरूशी आपलं नातं नोकरीच्या आधीचं आहे हे मुलीला तिथे उभं राहून सांगता आलं. खासगी गाडीसाठी ऑगस्ट 2025 पासून फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो, वर्षाला 200 फेऱ्यांपर्यंत; सुरू झाला तेव्हा तो 3,000 रुपयांना होता. पहिल्या वर्षी पुण्याला येणंजाणं होणारच, त्यामुळे निघण्याआधीच काढा. तो राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवरच चालतो, राज्याच्या टोलसाठी फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा.

तुमकूर ते शहर हे शेवटचे 70 किलोमीटर संध्याकाळी चिकटपणे सरकतात. ट्रकचंही तेच, गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना शहरात बंदी असते. त्यात सोसायटीचे स्वतःचे नियम. सामान चढवण्याच्या ठरावीक वेळा, रविवारी बंदी, लिफ्टसाठी आधी नोंद आणि 'मूव्ह-इन'चे पैसे. हे सगळं मालकाला नाही, सोसायटीच्या ऑफिसला विचारा आणि तीच वेळ ट्रकवाल्याला कळवा. नाहीतर गाडी फाटकाबाहेर उभी राहते आणि थांबण्याचे पैसे चढतात.

घर बघतानाच पाण्याचं विचारा. कावेरीचं पाणी येतं का, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे. 2024 च्या उन्हाळ्यात तिथे बोअर आटून काय हाल झाले ते सगळ्यांनी वाचलंय. भाडं दोन हजारांनी कमी म्हणून टँकरवरचं घर घेतलं तर ते दोन हजार मार्चमध्येच संपतात.

सिलिंडरचं कनेक्शन असेल तर पुण्याच्या एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, अनामत परत मिळते. नव्या शहरात ती पुन्हा भरावी लागते. विजेच्या मीटरचे फोटो दोन्ही घरांत काढा. कर्नाटकात गृहज्योती योजनेत 200 युनिटपर्यंतच्या घरगुती वापराला सवलत आहे आणि ती भाडेकरूंनाही मिळते. आधीच्या भाडेकरूचं नाव त्या मीटरवरून निघालंय ना, याची मालकाकडून खात्री करून घ्या.

शाळेचा दाखला निघायला वेळ लागतो, प्रवेश ठरताच अर्ज करा. नवी शाळा पुणेरी वेळापत्रकाच्या आधी, मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडते. 2015 च्या कायद्याने तिथल्या शाळांत कन्नड शिकवावीच लागते. मुलीने सुट्टीतच अक्षरं गिरवायला घेतली, त्यामुळे पहिल्या दिवशी फळा अगदीच परका वाटला नाही.

राहता राहिली गाडी. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओतून फॉर्म 28 वर ना-हरकत आणि कर्ज असेल तर बँकेची संमती. कर्नाटकात नव्या पेट्रोल-डिझेल गाडीचा आजीवन कर किमतीप्रमाणे 13 ते 18 टक्के आहे. जुन्या गाडीला तो वयाप्रमाणे घटतो, तरी लाखाच्या घरात जाऊ शकतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण आधी कर्नाटकात भरायचा, मग महाराष्ट्रात अर्ज. हा आकडा वहीत सहाव्या महिन्यासमोर लिहा. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर पुण्यातच विकून टाकणं जास्त परवडतं.

पुण्याचं डिपॉझिट आम्हाला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मिळालं. किल्ल्या देतानाच मालकाबरोबर घरभर फिरून फोटो काढले होते आणि गॅस, वीज, मेंटेनन्सची शेवटची बिलं भरल्याच्या पावत्या हातात दिल्या होत्या, त्यामुळे पूर्ण 84,000 आले. ते थेट सप्टेंबरच्या शाळेच्या हप्त्यासाठी बाजूला ठेवले.