ताणलेल्या दगडाची जागा मी का सांगत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "बाई, दगड ताणला जातो म्हणता, मग जागा दाखवायला हात का आखडता?" पणजीत, म्हापशात, लग्नाच्या पंगतीतही हे ऐकून झालंय.

दगड ताणला जातोच. गोव्यात बारदेशच्या किनाऱ्यावर एका कड्याच्या पायथ्याशी ग्रेवॅकेचा, म्हणजे एका कडक वालुकाश्माचा, वीतभर जाडीचा थर होता, वर-खाली चिखलापासून बनलेला मऊ खडक. सगळा पट्टा जमिनीत खोलवर असताना ओढला गेला. मऊ थर सावकाश लांबला. कडक थराला ते जमेना. तो ठिकठिकाणी बारीक झाला आणि तुटला, चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळेसारखा. फटींत पांढरी गारगोटी साकळली, मऊ खडक आत वळला. अख्ख्या भूकवचाचंही असंच आहे: वरचे दहा-पंधरा किलोमीटर थंड म्हणून तडकतात, खालचे तापलेले म्हणून वाहतात. एकाच ग्रॅनाइटमध्ये साधारण 300 अंश सेल्सिअसला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचंच खनिज, वाहू लागतो, फेल्डस्पार हे त्यातलंच दुसरं खनिज मात्र 450च्या आसपास जाईपर्यंत फुटतच राहतं. आणि वेग? दहा लाख वर्षांत तीसेक टक्के ताण, तोही झपाट्याचाच म्हणायचा.

ती जागा आता नाही. ओहोटी बघून वर्गातल्या मुलांना घेऊन गेले, तर कड्यावर सिमेंट. वरच्या खोल्यांतल्या पाहुण्यांना समुद्रापर्यंत उतरायला पायऱ्या हव्या होत्या. ब्रेकरने थर फोडून डबर बाजूला टाकलेलं. एका मुलीने त्यातून तुकडा उचलून माझ्या हातात ठेवला: गारगोटी, आणि तिला चिकटलेला निम्माच कडक थर. दुसरा निम्मा कुठल्या पायरीखाली गेला कोण जाणे. तिथला माणूस म्हणाला, "दगडच तर आहे बाई, किनारा भरलाय." मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला बोलताच येईना.

फोटो आहेत ना, असं समजावणारे भेटतात. फोटोत थराची कापलेली बाजू आहे. तो एका दिशेने ताणला की दोन दिशांनी, हे कळायला थराचा माथा दिसावा लागतो, आणि त्या पावसाळ्यात वाळू सरकून माथा नुकता उघडा पडू लागला होता. दगड किती आणि कसा ताणला गेला, हा काही किरकोळ प्रश्न नाही. जगातल्या कित्येक किनाऱ्यांवर वरच्या भेगा मोजून जेवढा ताण निघतो, त्याहून कवच जास्त पातळ झालेलं आढळतं. उरलेला ताण खालच्या थरांनी वाहून घेतला की आपल्याला सगळ्या भेगा दिसतच नाहीत, यावर अजून भांडण आहे.

वर्गात मी ठासून सांगायचे: जागा सगळ्यांना सांगा, ओळख झाली की लोक जपतात. आज तोंड मिटून बसते. पण ती जागा कुणाला ठाऊकच नव्हती, म्हणूनही गेली असेल. तेव्हाची मी मला हे सुनावते आणि तिला गप्प करता येईल असं माझ्याकडे काही नाही. तरी लोकेशन पाठवणार नाही. बघायचंच असेल तर ओहोटीच्या वेळी या, मी सोबत चालत येईन. फोन घरी ठेवा.