किरणोत्सव, पाचवीच्या वर्गात

फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. पाचवीतला एक मुलगा आजीबरोबर कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं महाद्वारातून थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, बघून आला होता. परिसर अभ्यासाच्या तासाला त्यानं विचारलं, "बाई, नोव्हेंबरातपण किरणं आलती. वर्षातनं दोनदाच का?"

मी उत्तर दिलं नाही. फळ्यावर तारखा लिहिल्या : 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. कुणी म्हणालं, थंडीत ऊन तिरकं असतं म्हणून. सगळ्यांना पटलं. तेवढ्यात एक मुलगी उठली. "मग डिसेंबरात का येत न्हाईत? तवा तर थंडी जास्त!"

पटलेल्या उत्तराला असं अडवणारं मूल मला पाठ्यपुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हणणाऱ्यापेक्षा फार मोलाचं वाटतं. थंडीचं कारण तिथंच बाद झालं.

मग बुटाचं रिकामं खोकं आणलं. पुढं अरुंद फट कापली, ते महाद्वार. आत समोर खडूची खूण, ती मूर्ती. टॉर्च म्हणजे मावळतीचा सूर्य. तो बाकाच्या कडेनं दक्षिणेकडं न्यायचा आणि टोकाला पोचला की परत फिरवायचा. खुणेवर उजेड पडला तो दोनदा. "जाताना एकदा, येताना एकदा!" मुलं ओरडलीच. टोक कुठलं? 21 डिसेंबरच्या आसपास, उत्तरायण सुरू होतं तेव्हा. वर्गातल्या कॅलेंडरवर मोजलं : 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस, तिथून 31 जानेवारीपर्यंत पुन्हा 41.

मला वाटलं, झालं. पण ती मुलगी कॅलेंडरपाशीच उभी. "बाई, नोव्हेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमाराला, आता साडेसहाला. जागा तीच, तर वेळ दुसरी कशी?"

हा प्रश्न मोठ्या माणसांनाही सुचत नाही! पृथ्वीचा कललेला आस, तिची लंबवर्तुळाकार कक्षा, हे सगळं पाचवीला कसं सांगायचं? मी उलट विचारलं, "फक्त सूर्यास्तच पुढं गेलाय, की दुपारपण? कसं बघायचं?" तीच म्हणाली, काठी रोवू.

दुसऱ्या दिवशी मैदानात काठी रोवली आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण केली. सगळ्यात आखूड सावली ऐन दुपारी पडते, पण ती बाराला पडली नाही. ती पडली पाऊणच्या सुमारास. नोव्हेंबरात ती सव्वाबाराच्या आसपास पडते, एवढंच मी सांगितलं. "म्हणजे अख्खी दुपारच पुढं सरकली!" असं म्हणत ती वहीत दोन्ही वेळा एकाखाली एक मांडायला लागली. येत्या नोव्हेंबरात त्याच जागी काठी रोवून माझं म्हणणं तपासायचं, हे वर्गानं तिथंच ठरवलं.