पंधरा टेकड्या

मे महिन्यातली धुळ्याची दुपार. लाइट गेलेली, मोबाइल बंद पडलेला. पुतणीची चार रेघी वही समोर होती, म्हणून सहज पेन उचललं आणि कर्सिव्हमध्ये 'मिनिमम' लिहायला बसलो. हाच शब्द का, ते एकदा लिहून पाहा म्हणजे कळेल. एमच्या तीन टेकड्या, आयची एक, एनच्या दोन, असं करत पंधरा उभ्या रेघा, सगळ्या एकीसारख्या एक. टिंबं अगदी शेवटी. मध्येच गॅसचा नंबर लावायचा राहिला हे आठवलं, की सोळावी पडलीच म्हणून समजा. अर्धं पान भरलं तरी घाम पुसायचं सुचलं नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. "शब्द संपेस्तोवर हात उचलायचा नाही," असा सरांचा दंडक. ते वही बघायचेच नाहीत. पाठीमागून फिरत नुसतं ऐकायचे. निबची खरखर मध्येच थांबली की नाव घेऊन हाक! पेन अडलं की आम्ही निब डोक्याला पुसायचो. तेल लागलं की अक्षर वळणदार येतं, अशी वर्गाची ठाम समजूत. बऱ्याच जणांचे भांग त्यामुळे निळे असत.

आजोबांना या शिकवणीचं हसू यायचं. ते मोडी शिकलेले. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं पळवत न्यायची. दोन शब्दांत जागा सोडायचीही फारशी रीत नाही. इथल्या राजवाडे संशोधन मंडळात तसे कागद पाहिले, तेव्हा अर्थ एका ओळीचाही लागला नाही, पण लिहिणाऱ्याचा हात कुठे रेंगाळला ते दिसत होतं.

नॉर्वेत म्हणे 36 विद्यार्थ्यांच्या डोक्यावर 256 सेन्सरांची जाळी चढवून बघितलं. कळफलक बडवताना दिसली नाही एवढी मेंदूच्या भागांची आपसातली जोडणी कर्सिव्ह लिहिताना दिसली. 2024 साली ते छापूनही आलं. त्याने डोकं थंड होतं, असं ते म्हणत नाहीत. ते माझं म्हणणं.

याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. 18 अध्याय, 18 रविवार. बोलणारा थांबत नाही, म्हणून हातालाही थांबता येत नाही. तेवढा वेळ भिंती आठवत असतील का त्यांना?

मला मात्र कॅपिटल क्यू अजून जमत नाही, इंग्रजी दोनच होतो. जाऊ द्या, धुळ्यात बसून मला कोणत्या क्वीनला पत्र लिहायचंय!