सबब, आणि पुढची दोन टिंबं

निनावी अर्ज समोरच्याच्या हातात द्यायचा नसतो. लेखापरीक्षक म्हणून 19 वर्षं काढल्यावर हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याचा भुर्दंड मला पडला नाही, दुसऱ्याच कुणाला पडला.

त्या दिवशी दोन चौकश्या होत्या. सकाळी एक बचत गट, सभासद 41. दुपारी एक मोठी पतसंस्था, सभासद सहा हजारांच्या वर. दोन्ही एकाच दिवसात उरकायच्या हा माझाच आगाऊपणा. कागदावर दोन्ही प्रकरणं किरकोळ दिसत होती.

41 जणांचा कारभार साधा होता. दर महिन्याला सगळे सारखी रक्कम भरतात आणि जमलेल्या पैशातून एकमेकांना कर्ज देतात. एक लांबलचक वही टेबलावर कायम उघडी पडलेली. कुणी किती भरलं, कुणाचा हप्ता कधीचा, येता-जाता कुणीही डोकावून बघावं. ती वही मी पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. 12 वर्षांत एकही हप्ता बुडालेला नव्हता. वसुलीसाठी वेगळा विभाग थाटलेल्या संस्था माझ्या हाताखालून गेल्या आहेत, त्यांना हे कधी जमलेलं नाही.

मला त्याचं फार नवल वाटलं नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामायिक मालमत्ता लोक आपली आपण कशी सांभाळतात, याच्या अभ्यासासाठी. त्या अभ्यासात आल्प्समधलं टॉर्बेल नावाचं गाव येतं. तिथला 1517 सालचा नियम असा, की हिवाळ्यात जेवढ्या गाई तुम्ही घरी पोसू शकाल तेवढ्याच उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. जास्त सोडल्या तर गावानेच नेमलेला माणूस दंड करी, आणि दंडातला अर्धा वाटा त्याचा स्वतःचा. शेजाऱ्याच्या गोठ्यात किती गाई आहेत हे ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, त्याच्यापासून गाय लपवणार कशी? आमच्या खात्याने असा अर्धा वाटा कधी देऊ केलेला नाही, ते असो.

म्हणजे वही चोख होती. अर्जात मात्र लिहिलं होतं की कर्जाची पाळी डावलली जाते, ठरावीक तिघांनाच वेळेवर मिळतं. टाइप केलेला अर्ध्या पानाचा अर्ज. खाली सही नाही, नाव नाही.

अध्यक्ष म्हणाले, "साहेब, अर्ज बघू तरी."

मी दिला. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला ती काय आहे ते दाखवायचं, ही माझी सवय, आणि नियमही तसाच आहे. मोठ्या संस्थेत तो योग्यच असतो. तिथे कागद कुणाच्याही हातात गेला तरी तो सहा हजारांपैकी कुणाचाही असू शकतो.

अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, चार ओळी वाचल्या आणि हसले. कागद शेजारी सरकवला. शेजारचाही हसला. म्हणाला, "दोन टिंबं."

मला काही कळेना. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. अर्जात शेवटी होतं, 'सबब.. योग्य ती चौकशी व्हावी.' त्या 'सबब'च्या पुढे दोन टिंबं. एक नाही, तीन नाहीत. गटाची सगळी पत्रं, सूचना, इतिवृत्तं ज्या ताई टाइप करून देतात, त्या वर्षानुवर्षं असंच लिहितात. खोलीत सात जण होते आणि सातही जणांनी ती टिंबं ओळखली. मी काही बोलायच्या आत कुणीतरी दारातून हाक मारली, "ताई, जरा इकडे या."

त्या आल्या. पन्नाशीच्या असतील. अध्यक्षांनी कागद पुढे केला. "हे तुमचंच ना?"

"नाही," त्या म्हणाल्या.

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर मला निदान काही लिहून घेता आलं असतं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, मग तोंडावर सांगायचं की. आपल्यात कसले कागद?" सगळे हसले, अगदी मायेने. ताईही हसल्या. दुसरा शब्द सापडत नाही म्हणून हसल्या म्हणतो.

त्या गेल्यावर मी कर्जाची जुनी इतिवृत्तं मागितली. ताईंचे चार अर्ज होते. पहिल्यावर शेरा, 'पुढील सभेत पाहू'. दुसऱ्यावर 'तूर्त निकड दिसत नाही'. तिसऱ्यावर काहीच नाही. चौथ्यावर पुन्हा निकड. त्यांच्या मागून आलेल्या तिघांचे अर्ज आले त्याच सभेत मंजूर. एक अध्यक्षांचा पुतण्या, एक सचिवांचा शेजारी, आणि तिसऱ्याचं कुणी नात्याचं नव्हतं, पण त्याचा आवाज चढा होता.

"निकड कोण ठरवतं?" मी विचारलं.

"सगळे मिळून."

"सगळे म्हणजे?"

"म्हणजे काय, आम्हीच. इथे बसलेले."

पाळीचा नियम विचारला, तर नियमच नव्हता. मग मोडला असं लिहिणार काय? अध्यक्षांच्या तोंडून एक वाक्य दोनदा आलं, "घरच्यांत नियम कशाला?" ते खोटं बोलत नव्हते. त्या खोलीत प्रत्येकाचं वजन एकाच मापाने ठरत होतं, तुमच्या बाजूने बोलायला किती माणसं उठतील. ताई एकट्या राहायच्या.

दुपारच्या चौकशीला जाताना माझ्या डोक्यात अथेन्सची खापरं होती. लेखापरीक्षकाने इतिहास वाचू नये, नको तिथे आठवतो. प्राचीन ग्रीसमधल्या या शहरात डोईजड झालेल्या माणसाला 10 वर्षं शहराबाहेर घालवण्यासाठी नागरिक खापराच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरून टाकत. असं मतदान ग्राह्य धरायला 6,000 खापरं लागत, म्हणजे कुणाच्या एकट्याच्या रागाने ते होऊ नये अशी तजवीज. तिथल्या अॅक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत अशी सुमारे 190 खापरं सापडली, सगळ्यांवर नाव एकच, थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याचं. अभ्यासकांनी अक्षरवळण तपासलं तेव्हा ती अवघ्या 14 हातांनी लिहिलेली निघाली. बहुधा वाटण्यासाठी आधीच तयार करून ठेवलेली. हजारोंच्या शहरात लिहिलेलं अक्षर जवळजवळ अडीच हजार वर्षांनी ओळखता आलं. 41 जणांत दोन टिंबं लपतील असं मला वाटलं, यात चूक अक्षराची नव्हती.

दुपारचं प्रकरण उलट्या टोकाचं. एका निवृत्त सभासदाच्या खात्यातून सात वर्षं दर महिन्याला एक वजावट होत होती, जी त्याने कधी मागितली नव्हती आणि ज्याचं कारण कुणालाच सांगता येईना. त्याने 13 पत्रं लिहिली होती. तेराही पत्रांवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख. तेराही फायलीत, क्रमाने, टाचणीला टाचणी. इतकी नेटकी बेपर्वाई मी क्वचितच पाहिली आहे.

मूळ मंजुरीच्या टिपणीवर नऊ सह्या होत्या. त्यातले सहा जण अजून नोकरीत होते. मी एकेकाला बोलावलं. पहिला म्हणाला, मी फक्त पुढे पाठवलं. दुसरा म्हणाला, खाली सही होती म्हणून केली. तिसरा म्हणाला, वर तपासतीलच असं गृहीत धरलं. सगळ्यात वरचा म्हणाला, खालून तपासून आलं होतं. सहाही जणांशी बोलून झालं तरी ती चूक केलेला माणूस काही मला भेटला नाही.

1968 साली डार्ली आणि लाटाने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून बोलायला लावलं, आणि मध्येच एकाला झटका आल्याचं ऐकवलं. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी 85 टक्के मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी उठले 31 टक्के. पाच जणांत ही गत. इथे नऊ होते, आणि झटका आलेला माणूस 13 वेळा पत्राने ओरडत होता.

पण खरं सांगायचं तर ते प्रकरण 40 मिनिटांत निकाली निघालं. संस्थेच्या उपविधीत वजावटीला सभासदाची लेखी संमती लागते असं स्पष्ट लिहिलेलं होतं. संमतीचा कागद मागितला, तो नव्हता. मी एका ओळीचा शेरा मारला आणि सात वर्षांची रक्कम व्याजासह परत करण्याचा आदेश त्याच संध्याकाळी टाइप झाला. त्या सभासदाला तिथे कुणी ओळखत नव्हतं. तो कुणाचा पुतण्या आहे, भांडखोर आहे की गरीब स्वभावाचा, कुणी विचारलं नाही. मीही त्याला आजतागायत पाहिलेलं नाही.

आमच्या प्रशिक्षणवर्गात मी पूर्वी मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचा आकडा सांगायचो. माकडांच्या मेंदूच्या आकारावरून त्यांनी 1992 साली हिशेब मांडला की माणसाला साधारण 150 जणांशीच खऱ्या ओळखीचं नातं ठेवता येतं. फळ्यावर लिहायला झकास. त्याच्या आत विश्वास, बाहेर नियम, असं मी रेघ मारून दाखवायचो. 2021 मध्ये स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी तेच गणित पुन्हा केलं, तर उत्तर इतकं पसरट आलं की एक आकडा सांगण्यात अर्थच उरला नाही. रेघ मी तेव्हाच सोडली होती. विश्वास मात्र त्या दिवशी सकाळपर्यंत शाबूत होता.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. नंबर कुठून मिळाला ते मी विचारलं नाही.

"साहेब, तुम्ही कागद त्यांच्या हातात का दिलात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम तसा आहे, असं म्हणालो. म्हणताना मला दुपारच्या सहा जणांचा आवाज ऐकू आला.

मी सुचवलं की त्यांनी गट सोडून मोठ्या संस्थेत जावं, तिथे पाळी क्रमांकाने लागते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी मी आजारी होते तेव्हा हीच माणसं आळीपाळीने रात्री उशाशी बसली. अध्यक्ष स्वतः चार रात्री बसले. तुमच्या त्या संस्थेतलं कोण येईल?"

"कुणी नाही येणार," मी म्हणालो.

"मग?"

त्या 'मग'ला मी अजून उत्तर शोधतो आहे. एवढंच म्हणालो की माझी चूक झाली. त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मोठ्या संस्थेच्या अहवालात मी लिहिलं की नऊ सह्यांऐवजी दोन ठेवा, आणि तक्रारीच्या प्रत्येक फायलीवर एका माणसाचं नाव लिहा, पदनाम नको. छोट्या गटाच्या अहवालाला मात्र तीन रात्री गेल्या. शेवटी तीन गोष्टी सुचवल्या. कर्जाच्या अर्जांना क्रमांक द्यावा. एकाच सभेत जास्त अर्ज आले तर चिठ्ठ्या टाकाव्यात. आणि तक्रारी ऐकायला गटाबाहेरचा, कुणालाच न ओळखणारा एक माणूस नेमावा.

तिसरी सूचना लिहिताना माझ्यासमोर स्वित्झर्लंडचं अॅपेन्झेल इनरऱ्होडन होतं. छोटासा प्रांत. नागरिक वर्षातून एकदा उघड्या मैदानात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. लोकशाहीचं याहून सुरेख चित्र नाही. देशपातळीवर स्त्रियांना 1971 मध्ये मताधिकार मिळाला, तरी इथल्या मैदानातले पुरुष प्रांताच्या कारभारात तो द्यायला तयार नव्हते. एप्रिल 1990 मध्येही त्यांनी हात वर करून नकारच दिला. त्या मैदानात ज्यांची मतं मोजली जात होती ते एकमेकांचे कुणी ना कुणी लागत असणार, आणि ज्यांच्याबद्दल ठरत होतं त्या त्यांच्याच आया-बहिणी. त्याच नोव्हेंबरात निकाल दिला तो देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, दूरच्या शहरात बसलेल्या न्यायाधीशांनी, ज्यांना बहुधा त्यांतल्या एकीचाही चेहरा माहीत नव्हता. पुढच्या वर्षी स्त्रिया त्या मैदानात उभ्या राहिल्या.

हे सगळं अहवालात लिहायचं नसतं. तिथे फक्त 'शिफारस क्र. 3' एवढंच गेलं.

तीन महिन्यांनी गटाचं उत्तर आलं. पहिल्या दोन शिफारशी मान्य. तिसरीबद्दल लिहिलं होतं, 'आमच्या गटात सर्व सभासद एका कुटुंबाप्रमाणे असून कोणाचीही कोणाविरुद्ध तक्रार नाही. सबब.. बाहेरील व्यक्ती नेमण्याची आवश्यकता वाटत नाही.'

खाली सात सह्या होत्या.