तुम्ही विचारलंत म्हणून: मारवा, शिट्टी आणि पेठ नाका

“गाडीत ते शास्त्रीय लावता, त्यातलं तुम्हाला ऐकू तरी काय येतं हो?”

हा प्रश्न आता पाठ झालाय. ऑफिसात येतो, लग्नात येतो, मागच्या सीटवरून तर हमखास येतो. या आठवड्यात तीनदा आला. तिसऱ्यांदा विचारणाऱ्याच्या स्वतःच्या डिकीत बारा इंची सबवूफर आहे, म्हणून जरा जास्तच लागलं. मी रोज गाडीने सांगली-कराड करतो; ते का करावं लागतं आणि घरी निवांत का ऐकता येत नाही, हा वेगळा विषय आहे. ते सोडून देतो. काय ऐकू येतं, तेवढंच सांगतो.

आधी जे ऐकू येत नाही ते कबूल करतो. खर्ज, म्हणजे सर्वात खालच्या पट्टीतला स्वर, ऐकू येत नाही. पुरुष गायकाचा षड्ज (सा) काळी एक, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी, धरला तर साधारण १३९ हर्ट्झ (सेकंदाला १३९ कंप). तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ७० च्या आसपास. आणि गाडीतला टायरचा, इंजिनाचा, पत्र्याचा बहुतेक गोंगाट ५०० हर्ट्झच्या खालीच असतो. पन्नासच्या वर वेग गेला की इंजिनापेक्षा टायरच जास्त बोलतात. काँक्रीटच्या पट्ट्यावर चढलात की त्यांचा आवाज अजून बदलतो, आणि बदलतो म्हणजे वाढतोच. ऐंशीच्या वेगाला छोट्या गाडीत ६५ ते ७० डेसिबल गोंगाट ठरलेला. त्यात एसीचा पंखा तीनवर. खर्ज गेला, संपलं.

पण तानपुरा संपूर्ण जात नाही, हे विचारणाऱ्यांना पटत नाही. मिरजेत घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झिणझिणता नाद, उघडतात, त्यातून जे वरचे स्वर झिणझिणत बाहेर पडतात ते हजार हर्ट्झच्या वरचे असतात. टायर तिथे कमजोर असतात. म्हणजे गाडीत तार ऐकू येत नाही, तारेची जवारी ऐकू येते. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. टायरला त्याचं सोयरसुतक नाही. मानांकनवाला असो की डब्यातला इलेक्ट्रॉनिक, दोघांचाही खर्ज तो सारखाच गिळतो.

इथे बहुतेक जण जी चूक करतात ती म्हणजे बास वाढवणं. खालचा आवाज वाढवला की तो वरच्या स्वरांवर पांघरूण घालतो, आणि दाराचं प्लास्टिक थरथरायला लागतं ते वेगळंच. ‘लाउडनेस’चं बटण असेल तर बंद करा. ते हळू आवाजात बास आणि ट्रेबल दोन्ही फुगवतं, मधला गळा दबतो. इक्वलायझरमध्ये ८० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन घरं खाली, एक ते दोन हजारच्या मध्ये दोन घरं वर. त्यापेक्षा जास्त काही करू नका. फोन ब्लूटूथवर असेल तर फोनचा आवाज नव्वद टक्क्यांवर ठेवून कमी-जास्त स्टिरिओवरूनच करा. उलटं केलंत तर फोनचा आवाज कमी पडतो आणि स्टिरिओ त्याच्यासोबत फुसफुसही मोठी करून देतो.

सोमवारी ७८च्या, म्हणजे जुन्या ग्रामोफोनच्या, तबकड्यांवरून केलेल्या फाइली होत्या. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचे, म्हणजे आपले, असं म्हणायची इकडे पद्धत आहे. त्यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या गाडीत इतक्या स्वच्छ का वाजतात, याचं उत्तर भक्तीत नाही. त्या काळच्या विद्युत ध्वनिमुद्रणात साधारण १०० ते ५००० हर्ट्झ एवढंच मावायचं, आणि गाडी नेमकं तेच शिल्लक ठेवते. त्यात तीन-सव्वातीन मिनिटांची तबकडी, लांब आलापाला जागाच नाही, म्हणजे हळूपासून मोठ्यापर्यंत फार अंतर नाही. खरखर एसीत बुडून जाते. एकच खोड, रेकॉर्डिंग मोनो असतं, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तेच येतं, त्यामुळे गवई उजव्या दारात जाऊन बसतो. चालवणाऱ्यापासून उजवा स्पीकर ऐंशी सेंटिमीटरवर, डावा एक मीटर चाळीसवर. साठ सेंटिमीटरचा फरक म्हणजे पावणेदोन मिलिसेकंद. बॅलन्स दोन-तीन घरं डावीकडे सरकवला तर गवई डॅशबोर्डच्या मध्यावर येतो. मेनूत ‘टाइम अलाइनमेंट’ असेल तर बॅलन्सला हात न लावता उजव्याला तेवढा उशीर द्या, ते जास्त बरं.

मंगळवारी द्रुत, म्हणजे जलद लयीच्या, बंदिशी होत्या. द्रुत गाडीत चालतंच, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. शिवाय गळीत हंगाम आहे. आष्ट्याच्या पुढे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, प्रत्येकावर साउंड बॉक्स. त्यांना ओलांडेपर्यंत आपलं काय लावलंय याला अर्थ नसतो.

आता बुधवार.

बुधवारी मारवा राग होता, विलंबित म्हणजे संथ लयीत, आलापापासून, म्हणजे सुरुवातीच्या सावकाश स्वरविस्तारापासून. पेठ नाक्याला हायवे लागला, गाडीने वेग घेतला आणि मागून बारीक शिट्टी यायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की वर, सोडला की खाली. अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राची, शिट्टी ज्यांनी ऐकली आहे त्यांना वर्णन नको. नसेल ऐकली तर हिशेब सांगतो. आपल्या गाड्यांच्या अल्टरनेटरमध्ये साधारण बारा ध्रुव आणि तीन फेज असतात. त्याचा डीसी झाला की एका फेऱ्यात ३६ लहरी उरतात. पुली अल्टरनेटरला इंजिनाच्या अडीचपट फिरवते असं धरलं, तर इंजिन १६०० आरपीएमला (मिनिटाला फेरे) असताना शिट्टी २४०० हर्ट्झची आणि २४०० आरपीएमला ३६०० ची. दोनास तीन. पहिल्या शिट्टीला सा म्हणा, दुसरी बरोबर पंचम (प) होते. आणि मारव्यात पंचम वर्ज्य!

गवई कोमल रिषभावर उभा आहे, षड्ज मुद्दाम टाळतोय, तुम्ही वाट बघताय. आणि ट्रक ओलांडायला पाय दाबलात की मागच्या दारातून पंचमाकडे घसरत जाणारी मींड. रेडिओवरच्या बातम्या असत्या तर ही शिट्टी वर्षभर कळली नसती. द्रुतमध्येही कळली नाही, मंगळवारीही ती असणारच. म्हणजे “गाडीत काय ऐकू येतं” याचं एक उत्तर हे: गाडीचा बिघाड ऐकू येतो, आणि तो आलापातच ऐकू येतो.

शोधायची पद्धत अशी. गाडी बाजूला घ्या, इंजिन चालू ठेवा, आवाज शून्यावर आणा. शिट्टी आवाजाबरोबर कमी झाली तर ती स्टिरिओच्या आधी शिरते आहे. बहुतेक वेळा ऑक्स वायर आणि चार्जर एकाच वेळी फोनला लावल्यामुळे. चार्जर काढा, गेली. शून्यावरही शिट्टी तशीच राहिली तर ती स्टिरिओनंतर शिरते आहे, म्हणजे अँपच्या (अँप्लिफायरच्या) अर्थिंगमधून किंवा स्टिरिओतून अँपकडे गाणं नेणाऱ्या आरसीए वायरमधून. इथे शून्यावरही तशीच होती. मल्टिमीटर २ व्होल्ट डीसीवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अँपच्या अर्थ टर्मिनलला, इंजिन आणि हेडलाइट चालू, गाणंही चालू. ०.३१ व्होल्ट. ०.०५ च्या आत यायला हवं.

सीटखालचा अँप ज्याने बसवला होता त्याने अर्थिंगचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) सीटच्या बोल्टला दिलं होतं. एक तर तिथे रंगाचा थर असतो, धातूला धातू लागत नाही. दुसरं म्हणजे तो बोल्ट सीट धरून ठेवायला आहे, त्याच्याखाली थिंबल सरकवून त्याचा घट्टपणा बिघडवायचा नसतो. तिसरं म्हणजे पॉवरची वायर आणि आरसीए दोन्ही एकाच बाजूच्या पट्टीखालून, एकमेकांना टेपने बांधून आणल्या होत्या. नीटनेटकं दिसतं, म्हणून करतात.

दुरुस्ती तासाभराची आहे. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बॉडीला मूळचा अर्थिंगचा बोल्ट असतो तो शोधा. नसेल तर फ्लोअरच्या जाड पत्र्यावर जागा निवडा, पण खालून पेट्रोलची किंवा ब्रेकची नळी गेलेली नाही हे गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय ड्रिल लावू नका. रुपयाच्या नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. क्रिंप केलेलं थिंबल, वर दातेरी वॉशर, घट्ट आवळा, आणि वरून रंग किंवा ग्रीस. नाहीतर आपल्या पावसाळ्यात तिथेच गंज धरतो. अर्थची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड, पॉवर आठ गेजची तर अर्थही आठची, आणि लांबी हातभर, जास्त नको. आरसीए दुसऱ्या बाजूने. नंतरचं रीडिंग ०.०२. शिट्टी गेली.

आता लाजिरवाणा भाग. त्या अँपला मुळात शिट्टी होतीच, आणि दोन वर्षांपूर्वी तिच्यावर उपाय म्हणून आरसीएच्या मध्ये दोन-अडीचशे रुपयांचा ग्राउंड लूप फिल्टर, म्हणजे अर्थिंगमधून शिरणारा आवाज अडवणारी डबी, टाकलेला होता. बुधवारी जी शिट्टी ऐकू आली ती फिल्टरची एक पिन सैल झाली होती म्हणून. हा फिल्टर ज्यांनी ज्यांनी मला शिट्टीबद्दल विचारलं त्या सगळ्यांना मी सांगितला. “उगाच अर्थिंग उकरत बसू नका, फिल्टर टाका आणि मोकळे व्हा.” हे माझंच वाक्य. त्या फिल्टरमध्ये दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. खालचे स्वर वाहून न्यायला त्यांचा गाभा पुरत नाही. शंभरच्या खालचं बरंचसं गळतं, उरलेलं वेडंवाकडं होतं. म्हणजे दोन वर्षं मी तुम्हाला खर्ज टायरने खाल्ला म्हणून सांगत होतो, त्यातला काही मीच फिल्टर घालून खाल्ला होता. ज्यांना तो सल्ला दिला त्यांची माफी मागायला हवी.

मागतोही. पण गुरुवारी तोच मारवा, तोच रस्ता, फिल्टर काढून, अर्थिंग चोख. आणि ऐंशीच्या वेगाला आलाप आधीपेक्षा *कमी* कळला. दार थरथरत होतं. खालचा भरणा परत आला होता, टायरच्या आवाजात मिसळून गळ्यावर चढत होता. शुक्रवारी मुद्दाम फिल्टर परत जोडला, पिना घट्ट करून. कासेगावच्या पुढे गळा सुटा ऐकू आला. मग दोन वर्षांपूर्वीचा तो आगाऊ माणूस, म्हणजे मीच, बरोबर होता का? तो म्हणेल, होतोच. मी म्हणेन, तू शिट्टी दाबायला टाकलास, बास कापायला नाही. कापायचाच तर अँपवर हायपासचा, म्हणजे खालचे स्वर अडवणारा, स्क्रू आहे, ८० वर फिरव, ट्रान्सफॉर्मरची विकृती कशाला पदरात घ्यायची. त्यावर तो म्हणेल, मग गुरुवारी फिरवला का नाहीस? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. फिरवला असता तर खर्ज पुन्हा गेला असता, आणि तासभर पॉलिश पेपर घासून तो परत आणला होता.

आलापाचं दुसरं दुखणं म्हणजे हळू आणि मोठ्यातलं अंतर. चांगल्या ध्वनिमुद्रणात आलापाची सुरुवात आणि द्रुताची तान यांत पंचवीस-तीस डेसिबलचा फरक सहज असतो. आलाप ऐकायला आवाज वाढवा, तबला आला की दचका. त्यासाठी गाडीपुरती वेगळी प्रत करतो: ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कंप्रेसर (हळू-मोठ्यातलं अंतर चेपणारा), थ्रेशोल्ड उणे २४, रेशो अडीचास एक, रिलीज (चेपणं सुटायचा वेळ) एक सेकंद. रिलीज कमी ठेवलात तर तबल्याच्या प्रत्येक थापेला तानपुरा दबतो आणि वर येतो, धाप लागल्यासारखा. मूळ फाइलीला हात लावायचा नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्येच फॉरमॅट करा, जुने स्टिरिओ सहसा दुसरं काही वाचत नाहीत. फाइलींच्या नावाआधी ०१, ०२ टाका आणि त्याच क्रमाने कॉपी करा, कारण कित्येक स्टिरिओ नावाने नाही, कॉपी केलेल्या क्रमाने वाजवतात. चावी काढली की काही स्टिरिओ फाइल पहिल्यापासून सुरू करतात. तासाभराचा राग असेल तर वर्षभर नुसता आलापाचा आरंभच ऐकत राहाल. म्हणून तीन-चार तुकडे करा, पण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कापू नका. दोन एमपी३ फाइलींच्या मध्ये क्षणभराची फट पडते, ती समेवर पडली तर ठेच लागते. गवई श्वास घेतो तिथे कापा.

अशा चेपलेल्या आलापाला आलाप म्हणायचं का, हे विचारणारे तुम्ही नाही, ते दुसरे आहेत. त्यांचं म्हणणं मला अर्धं पटतं. हळू स्वर हळू असतो म्हणूनच कान पुढे होतो. तो मोठा करून कानात घातला तर पुढे व्हायला काही राहिलं नाही. पण न चेपता तो टायरखाली जातो, तेव्हा कान पुढे करून काय मिळणार आहे?

शनिवारी परतताना आष्ट्याच्या अलीकडे ट्रॉल्यांच्या मागे वीस मिनिटं उभं राहावं लागलं. इंजिन बंद, काच वर, फिल्टर काढलेला. पहिल्यांदाच खर्ज पायाखाली जाणवला, समोरच्या साउंड बॉक्सच्या दोन गाण्यांच्या मधल्या फटीत. रस्ता सुटला, साठ, सत्तर, आणि तो गेला. फिल्टर सध्या ग्लोव्ह बॉक्समध्ये आहे. चार पिना काढायच्या, चार घालायच्या. सोमवारचं अजून ठरलेलं नाही.